तोरणाला गेलेली पट्टी

मी साखर कारखान्यातला कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणजे मनातल्या मनात. गोदामात रिकाम्या पोत्यांमागं माझं ऐकायला कोण येतंय?

शहात्तर साली मी सांगलीकडच्या या कारखान्यात ट्रकमधून उतरलो. अंगानं कपाटाएवढा, पण स्वतःची अक्कल काहीच नाही. बारीक भोकं पाडलेली एक लांब कागदी पट्टी होती. दर सकाळी धन्यकुमार ती मला वाचायला द्यायचा, तेव्हा कुठं काम कसं करायचं ते मला कळायचं. हा धन्यकुमार इथल्याच शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला जाऊन माझं तंत्र शिकून आलेला.

माझं काम एकच. लागणीच्या तारखा बघून कुणाचा ऊस कधी तोडायचा ते सांगणं. मी येण्याआधी ज्याची ओळख, त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी पहिली जायची. तासगावच्या वाटेवरची बनुबाई एकटी बाई. तिचा ऊस दर साली वाळल्यावर तुटायचा. माझ्या यादीत तिचा नंबर सातवा लागला. तिनं कचेरीत येऊन माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. इतक्या मायेनं मला कुणी शिवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा करायचा दिवस. धन्यकुमार सुट्टीवर होता. आमचा शिपाई केरबा पलटणीतून पेन्शनवर आलेला, धूळ दिसली की त्याला चैन पडत नसे. त्यानं कप्पे झाडले, मला पुसलं, गंध लावलं. कप्प्यातली पट्टी त्याला झालरीसारखी वाटली. सुईदोऱ्यानं तिच्यात झेंडू ओवून त्यानं खोलीच्या दाराला तोरण बांधलं. खरं सांगतो, मीही खुशीत होतो.

दसऱ्यानंतर धन्यकुमार आला आणि तोरण बघून त्यानं ते घाईघाईनं दारावरून उतरवलं. दुसरी पट्टी करून ठेवायचं तो वर्षभर उद्यावर ढकलत होता.

"केरबामामा, काय केलंत हे?"

"रद्दी वाटली वो सायब. भोकंच भोकं हुती."

मग दोघं खिडकीशी बसले. पट्टी उजेडात धरून सुईची भोकं शोधायची आणि त्यावर कागद चिकटवायचा. आठ दिवस केरबा जेवायलाही घरी गेला नाही. पट्टी मला दिली. मी वाचत गेलो आणि शेवटाला येऊन अडकलो. पुढची हातभर पट्टीच नव्हती.

"त्या टोकाची फुलं सुकली हुती," केरबा हळूच म्हणाला. "पट्टीसकट कृष्णेत सोडली. निर्माल्य पायाखाली कसं टाकायचं?"

धन्यकुमारनं मला बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, तसली यंत्रं बंद झाली, पट्टी शिल्लक नाही. मग त्यानं आठवून आठवून नव्या कागदावर भोकं पाडून पाहिली. मी मुकाच राहिलो.

गळीत सुरू झालं. याद्या पुन्हा ओळखीप्रमाणं हातानं लिहिल्या जाऊ लागल्या. हंगाम सरत आला तेव्हा बनुबाई आली. तिचा ऊस तुरे येऊन वाळत होता. ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"लेकरा, माजा नंबर कवा हाय?"

केरबा मान खाली घालून म्हणाला, "त्यो आता बोलत न्हाई, आक्का. माज्या हातनं झालंय."

धन्यकुमार नोकरी सोडून गेला. मी गोदामात आलो. खंडेनवमीला केरबा येतो, एकच फूल ठेवतो, सुईदोऱ्याशिवाय. माझा त्याच्यावर राग नाही, एवढं त्याला कुणीतरी सांगा. आणि बनुबाईला सांगा, तिच्या लागणीची तारीख अजून माझ्या पोटात आहे. ती वाचायची कशी, तेवढंच मला आता येत नाही.