न सांगता वाजलेला भोंगा

दरवर्षी पुराची रंगीत तालीम व्हायची. तारीख आधीच ठरायची, मैदानावर तंबू पडायचा, साहेबांसाठी सोफा यायचा. होडीला आदल्या दिवशी रंग. जखमी होणाऱ्यांना आपली जखम कुठे आहे तेसुद्धा पाठ! साहेब टाळ्या वाजवायचे आणि कचेरी वर्षभर निर्धास्त झोपायची.

आपत्ती विभागाच्या बाईंना या नाटकाचा उबग आला होता. मागच्या पुरात खालच्या वस्तीतली माणसं छपरांवर बसून होडीची वाट बघत राहिली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "एकदा न सांगता तालीम घेऊ या," त्या साहेबांना म्हणाल्या.

"नसती उठाठेव नको, बाई. बदली हवीय का?"

मग एका दुपारी, ऐन जेवणाच्या सुट्टीत, बाईंनी आपल्या खोलीतलं आवारातल्या भोंग्याचं बटण दाबलं.

काय त्रेधातिरपीट उडाली! बचाव पथक तोंडातला घास गिळत गोदामाकडे धावलं, तर दाराला कुलूप. किल्ली भांडारपालाच्या खिशात, आणि भांडारपाल मेहुणीच्या लग्नाला परगावी. ड्रायव्हरने शेवटी कुलूप फोडलं. होडी सापडली ती तालमीच्याच तंबू-सोफ्यांखाली गाडलेली.

साहेब तणतणत बाईंच्या खोलीत आले. "माझं हसं केलंत! आता वरून फोन येईल. भोंगा बिघडला होता, आपोआप वाजला, एवढंच सांगा. नाहीतर उद्यापासून जुन्या कागदांवरची धूळ झटकत बसाल."

ही जागा बाईंनी भांडून मिळवली होती, आणि हे काम त्यांना जिवापाड आवडायचं. तेवढ्यात फोन वाजला, तो बाईंनीच उचलला.

"मी वाजवला," बाई म्हणाल्या. "भोंगा ठणठणीत आहे, होडीच बाहेर निघाली नाही. नाही, परवानगी नव्हती. बदली खुशाल करा. पण नवा माणूस आला की त्याला आधी विचारा, किल्ली कुठे असते."

त्यांनी फोन ठेवला.

"संपलात तुम्ही," साहेब म्हणाले.

"असेन. पण आज संध्याकाळपर्यंत तरी इथेच आहे." आणि बाईंनी पुन्हा बटण दाबलं.

खाली धावाधाव सुरू झाली. साहेब दारापर्यंत गेले आणि तिथेच अडकले.

"मी... मी कुठे जायचं असतं?"

"ते आजवर कुणी ठरवलंच नाही, साहेब," बाई जिन्याकडे निघत म्हणाल्या. "तूर्त खाली चला, होडीला हात लावा."