नदीपलीकडच्या ताई आणि मी

मित्रांनो, उभे का? टेका जरा. मी बाकच आहे. जुना आहे, डावीकडचा पाय किंचित करकरतो, पण आजवर कुणाला पाडलेले नाही. माझी गोष्ट सांगायची म्हणजे ताईंची सांगावी लागेल. ताई पस्तीस वर्षे आमदार होत्या. आमची ओळख मात्र त्याच्याही बारा वर्षे आधीची.

एका अबोल सुताराने मला घडवले. त्याने माझ्या कडा इतक्या घासल्या, की कुणाच्या कपड्याचा धागा कधी अडकला नाही. मग हातगाडीवर घालून मला एका सरकारी कचेरीत पोचवले. तिथे जन्माचे, मृत्यूचे, राहण्याचे दाखले मिळत. माझ्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती : ‘नदीपलीकडच्यांनी बसू नये.’

नदीपलीकडे कष्टकऱ्यांची वस्ती होती. तिथली माणसे समोरच्या भिंतीला लागून उभी राहत. सकाळी आलेली बाई दुपारपर्यंत उभी, आणि मी मात्र अर्धा रिकामा. हा नियम कोणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हते. पाळत मात्र सगळे होते. मीही तेव्हा नवीन होतो. मला वाटायचे, जगाची रीतच असेल.

एकदा तिथे मायलेकी आल्या. आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. लेक एकवीस वर्षांची, शिलाईच्या कारखान्यात काज-बटणे करायची. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा म्हणून आईने चार खेपा घातल्या होत्या. त्या दिवशी तिचे पाय सुजले होते. लेकीने तिचा हात धरला, खोली ओलांडली आणि तिला माझ्यावर बसवले.

कारकून खिडकीतून ओरडला, “ए बाई, ऊठ! पाटी वाचता येत नाही का?”

“वाचता येते, म्हणूनच विचारते,” लेक म्हणाली. “हा नियम कुठल्या कागदावर आहे? तेवढा कागद दाखवा, लगेच उठतो.”

कारकुनाने दोन कपाटे उघडली. कागद काही सापडला नाही. “कागद नसला म्हणून काय झालं? इथली पद्धत आहे ती.”

“मग आजपासून पद्धत बदलू. आई, तू नीट मागे टेकून बस.”

पोलीस आले. आईला घरी पाठवले, लेकीला चार दिवस कोठडीत ठेवले. कारखान्याने तिला कामावरून काढून टाकले. मला वाटले, संपले. पण सुटल्यावरच्या सोमवारी ती पुन्हा आली. बरोबर आई होतीच आणि वस्तीतल्या आणखी तिघी. पाचही जणी अंग चोरून माझ्यावर बसल्या. पोलिसांनी उठवले, की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाच. असे अकरा आठवडे चालले. कुणीतरी माझ्यावर शाईची दौत ओतली, तर त्या शाईवरच बसल्या. आईला दाखला खरे म्हणजे सातव्याच आठवड्यात मिळाला होता. “आता कशाला येता?” असे कारकुनाने विचारले, तेव्हा ती म्हणाली, “पाय दुखतात.”

बाराव्या आठवड्यात वरून हुकूम आला आणि शिपायाने पाटी काढली. नदीपलीकडची माणसे त्या मुलीला ताई म्हणू लागली. तिच्याहून मोठी माणसेसुद्धा.

पुढे कचेरीत लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. पाच वर्षे ऊन-पाऊस खाल्ला. एक पाय कुजला. कोंबड्या माझ्यावर बसत, आणि त्यांना कुणी उठवत नसे. शेवटी मला फोडून सरपण करायचे ठरले. तेव्हा तोच शिपाई, आता म्हातारा झालेला, ताईंकडे गेला. ताई तेव्हा तेहतीस वर्षांच्या होत्या आणि नुकत्याच निवडून आल्या होत्या. “तुमचा बाक उद्या कुऱ्हाडीखाली जातोय,” त्याने सांगितले. ताई स्वतः हातगाडी घेऊन आल्या. मला नवा पाय बसवला. जरा आखूड निघाला, तोच हा करकरणारा. मग मी त्यांच्या कार्यालयात, दाराशी राहिलो.

सभागृहात मी कधी गेलो नाही. तिथली हकिगत कानावर पडली तेवढीच ठाऊक. ताईंनी एक विधेयक मांडले होते : प्रत्येक सरकारी कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा हवी, अर्ज घेतला की पोच द्यायची, आणि महिन्याच्या आत लेखी उत्तर. ते तीनदा पडले. “पोच देत बसलो तर काम कधी करायचं?” असे एक मोठे अधिकारी सांगून गेले. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि चौथ्यांदा विधेयक मांडले. पहिल्यांदा मांडल्यापासून एकोणीस वर्षांनी ते मंजूर झाले. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या.

पण ताई नेहमीच बरोबर होत्या असे मी म्हणणार नाही. चौथ्यांदा निवडून आल्या, तेव्हाची गोष्ट आहे. नदीपलीकडची वस्ती उठवून तिथे मोठा बाजार बांधायचा, असे विधेयक आले. ते ताईंच्याच पक्षाचे होते. मंत्रिपद मिळणार अशी कुजबुज त्या दिवसांत माझ्याशेजारीच चालत असे. पहिल्या मतदानाच्या वेळी ताई सभागृहाबाहेर थांबल्या. विरोधही केला नाही, पाठिंबाही दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्या अकरा आठवड्यांत आईच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या, वस्तीतल्या मावशी. आई तोवर वारली होती, त्यामुळे ताईंना आईच्या जागी त्याच. मी रिकामा होतो. ताई म्हणाल्या, “मावशी, बसा ना.”

“नाही बसत. उभीच बोलते.”

इतक्या वर्षांत माझ्याकडे पाहून नाही म्हणणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले.

“नाही म्हणायचं असेल तर समोर बसून म्हणायचं, हे तूच आम्हाला शिकवलंस,” मावशी म्हणाल्या. “परवा तू कुठे बसली होतीस गं?”

ताई म्हणाल्या, “बाहेर. व्हरांड्यात.” आणि मग, “चुकले मी.”

“ते कळलंय मला. आता पुढचं बोल.”

पुढच्या आठवड्यात ताई सभागृहात तासभर बोलल्या आणि स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिले. विधेयक तरीही मंजूर झाले. फक्त त्यांची एक दुरुस्ती टिकली : पर्यायी घर बांधून हातात दिल्याशिवाय जुने घर पाडायचे नाही. नवी घरे अर्ध्यांपुरतीच बांधली गेली, त्यामुळे अर्धी वस्ती वाचली, अर्धी गेली. त्या गेलेल्या अर्ध्या वस्तीबद्दल ताई कुणालाही दोष देत नसत. “मी पहिल्याच दिवशी उभी राहिले असते तर...” इतके म्हणून थांबत.

मंत्रिपद गेले, उमेदवारी गेली. अपक्ष लढल्या आणि पडल्या. पुढची पाच वर्षे कार्यालयात फारसे कुणी फिरकले नाही. माझ्यावर धूळ बसे, नाहीतर मावशी बसत. दोघी डोळ्यांना चष्मे लावून लोकांचे अर्ज लिहून देत. पुढच्या निवडणुकीत वस्तीने, आणि वस्तीबाहेरच्यांनीही, ताईंना पुन्हा सभागृहात पाठवले. त्यानंतर त्या कधी हरल्या नाहीत.

त्र्याहत्तराव्या वर्षी ताईंनी आपणहून थांबायचे ठरवले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर निवडून आली. कार्यालय तिचे झाले, त्याबरोबर मीही.

दोन महिन्यांनी एका सकाळी ताई दारात दिसल्या. हातात अर्ज होता. त्यांच्या गल्लीतले गटार तुंबले होते. नव्या आमदारबाईंचा सहायक धावत आला. “ताई, तुम्ही थेट आत चला!”

“माझ्याआधी तिघं आहेत,” ताई म्हणाल्या. “त्यांचं होऊ द्या.”

माझ्यावर त्या तिघांच्या शेजारी बसल्या. चाळीस मिनिटे लागली. मध्ये त्यांना डुलकी लागली आणि मान शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर कलली. बाईने त्यांना ओळखले नव्हते. तिने फक्त खांदा हलवला नाही. नंबर आल्यावर ताई जाग्या झाल्या, आत गेल्या, पोच घेऊन बाहेर आल्या आणि ती नीट वाचून घरी गेल्या.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला पावसात टाकू नका, खिळ्याने नावे कोरू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि तुम्ही आरामात बसलेले असाल आणि दारात कुणी उभे दिसले, तर नजर चुकवू नका. जरा सरका. चौघांच्या बाकावर पाचवे माणूस मावते. मी अकरा आठवडे मोजले आहे.