माझ्यावरचं गाणं कुणी पुसलं?

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, आणि मला फार राग आलेला आहे. जुन्या वस्तूनं आपली कहाणी हळू आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. माझ्या पोटातल्या तपकिरी फितीवर पहिल्यांदा जे उमटलं, ते ओरडणंच होतं.

मी इचलकरंजीची. दुकानातून आले तेव्हा कोरी होते, पण कोऱ्या कॅसेटला गाव नसतं. माझ्यावर आवाज चढला तो यंत्रमागाच्या एका शेडमध्ये. तिथं काम करणाऱ्या चार पोरांनी बँड काढला होता. नाव ठेवलं 'धोटा'. सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं धावतो, तो धोटा. पोरांचं संगीतही तसंच, एकदा सुटलं की आवरत नसे. हार्डकोअर म्हणतात त्याला. गिटार कर्कश, ड्रम धडाधडा, आणि गाणारा गळ्याच्या शिरा ताणून ओरडतो. इथं ओरडणारा होता रिजवान. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं. त्यामुळं त्याला वेगळं शिकावं लागलं नाही. सुट्टीला माग थांबले की हे सुरू व्हायचे.

"थांबव! थांबव! माझ्या बापाचे कान परत दे!" असं त्यांचं एक गाणं होतं. रिजवानचा बाप मागावर बहिरा होऊन गेला होता. ते गाणं माझ्यावर उमटलं तेव्हा माझी फीत थरथरली. मी रागातच जन्मले, मित्रांनो.

माझ्यासारख्या थोड्याच कॅसेटी निघाल्या. पोरांनी त्या ओळखीच्यांना फुकट वाटल्या. लोकांनी त्यांच्यावर वरातीची गाणी भरली, कुणी पोराचं पाठांतर भरलं. बँड मोडला. रिजवान कामासाठी सुरतेला निघाला.

निघायच्या आधी तो घरी मला ऐकत बसला होता. त्याची आई अमीरबी शेजारणीच्या पोरीची हळद दळायला जात्यावर बसली होती. बहीण नुजहत माहेरी आलेली, मांडीवर तिची तान्ही नसरीन.

"अरं रिजवान," अमीरबी म्हणाली, "हे गाणं हाय का कुणाचं बोट सापडलंय मागात?"

"मग तू गा की अम्मा."

"गाते की! तुझ्या मशिनला भिते व्हय मी?"

घरात दुसरी कॅसेट नव्हती. रिजवाननं मला उलटी केली. नुजहत म्हणाली, "अरं, त्या बाजूची तुझी गाणी पुसतील की."

"पुसू दे. माझं वरडणं काय, कवाबी हुतंय. अम्मा आज गाती हाय."

त्यानं बटण दाबलं. जातं घरघरलं, बांगड्या किणकिणल्या, आणि अमीरबीनं मांडीवरच्या तान्हीकडं बघून ओवी बांधली:

"नसरीनच्या हळदीला कोण बसलं जात्यावरी,
नानी तिची गाणं गाती, सूर गेला वाऱ्यावरी."

तिथून ती गातच राहिली, माझी फीत सरेपर्यंत. कॅसेटच्या माथ्यावर दोन चिमुकल्या खिडक्या असतात. त्यांची प्लास्टिकची झाकणं तोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. रिजवाननं स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही तोडली. म्हणाला, "आता हिला कुणी हात लावायचा न्हाय."

एका अंगाला लेकाचा आवाज, दुसऱ्या अंगाला आईचा. मित्रांनो, इतकी श्रीमंत मी पुन्हा कधी झाले नाही.

मग घरातला टेप बिघडला. अमीरबी वारली. मी नुजहतच्या सासरी, तिच्या कपाटात, आईच्या साडीच्या घडीत पडून राहिले. फितीवर बुरशी चढली. त्याचा मला राग नव्हता. कपाटातल्या अंधारात निदान कुणी आपल्याला सुधारायला येत नाही.

सुधारायला आला तो धैर्यशील. शाहूपुरीत त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान. कॉलेजात असताना त्यानं एका मंडळाच्या स्टेजवर धोटा ऐकला होता. दुसऱ्याच गाण्याला मंडळाच्या मोठ्या माणसांनी माइक काढून घेतला. तेवढ्यावर हा माणूस जन्माचा वेडा झाला. धोटाची एकेक कॅसेट त्यानं हुडकली. पन्हाळ्याच्या एका हॉटेलवाल्याकडं एक धड सापडली, म्हणून त्यानं दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाईक विचारायचं, "काय, पोरगं झालं?" हा म्हणायचा, "त्याच्याहून भारी!" दुकानात त्यानं आमच्यासाठी काचेचं कपाट केलं होतं. त्याचं प्रेम खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. म्हणूनच तर राग जास्त येतो.

विचारत विचारत तो नुजहतच्या दारात आला. घरात नसरीनच्या लग्नाची गडबड होती. नुजहतनं मला साडीच्या घडीतून काढलं आणि म्हणाली, "दादा, इकती न्हाय मी ही. तुमच्याकडं मशिन हाय म्हणून देतेय. अम्माचा आवाज तेवढा मोबाइलवर घालून द्या. पोरीच्या हळदीला लावायचा हाय."

"ताई, काळजीच सोडा की. हळदीच्या आधी हातात आणून देतो."

त्यानं कापसाच्या बोळ्यानं माझी बुरशी पुसली, बाळाचे कान पुसावेत तशी. पहिली बाजू लावली. रिजवान ओरडला आणि धैर्यशीलचे डोळे भरले. त्या घटकेला मला तो आवडला. मग त्यानं मला उलटी केली. जातं घरघरलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"अरारा! पार वाट लावलीया की घरच्यांनी!"

नानीची ओवी चालू होती आणि तो मान हलवत होता. "ओव्या काय, मोबाइलवर ढिगानं हाईत. ताईला दुसऱ्या देऊ घालून, अजून चांगल्या." त्याला वाटलं, कुणीतरी चुकून धोटा पुसला, आपण तो परत आणायचा. गाणाऱ्यानं स्वतःच आईसाठी जागा करून दिली होती, हे त्यानं कुणाला विचारलंच नाही. माझ्या फुटक्या खिडकीवर त्यानं चिकटपट्टी लावली, म्हणजे माझ्यावर पुन्हा भरता येईल. टेपच्या शेजारच्या खणात पन्हाळ्याची कॅसेट बसवली. आणि लाल बटण दाबलं.

पुसणं दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखत नाही. नुसतं होत्याचं नव्हतं होतं. बांगड्या गेल्या, जात्याची घरघर गेली, आणि त्यांच्या जागी पोरांचा कल्लोळ येऊन बसला. ज्या आवाजानं मी जन्मले त्याच आवाजानं माझ्यातल्या म्हातारीचं तोंड दाबलं. मी ओरडू शकले नाही. कॅसेटला दुसऱ्याचंच ओरडता येतं.

हळदीच्या आदल्या दिवशी नुजहत दुकानात आली. धैर्यशील हसत उठला. "या ताई, बसा. अशी झकास करून ठेवलीया, रिजवानभाऊबी वळखायचे न्हाईत." त्यानं मला लावलं. दुकान दणाणलं.

"ही न्हवं दादा. अम्माची बाजू लावा."

"हीच की ती. पूर्ण केली."

"अम्मा कुठं हाय?"

"ताई, तुम्हाला दुसऱ्या ओव्या..."

"माझ्या आईच्या बदली दुसरी आई देतोस व्हय रं?" तिचा आवाज बाहेर रस्त्यावर गेला. "तू तिला पुसलीस? पोरीच्या हळदीच्या तोंडावर?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. मला इचारलंस?"

गाणी संपली. धोटाची गाणी आखूडच असायची. खजील होऊन त्यानं टेप बंद करायला हात पुढं केला. नुजहतनं तो हात झटकला. "ऱ्हाऊ दे. आता बघू दे मला, किती पुसलंस."

नुसती खरखर वाजत होती. ती दातओठ खाऊन ऐकत राहिली. आणि एकाएकी जातं घरघरलं:

"...च्या हळदीला कोण बसलं जात्यावरी..."

अमीरबी ओवी पुन्हा पुन्हा घोळवत असे. आधीच्या साऱ्या गेल्या होत्या. पन्हाळ्याची फीत इथवर पुरली नव्हती, म्हणून ही शेवटची मात्र उरली, पण नाव नेमकं कापलं गेलं होतं. नुजहतनं स्टूल ओढून टेपला कान लावला. धैर्यशीलनं मान खाली घातली. "ताई, काय करू सांगा."

"हे मशिन उचल अन् चल हळदीला. अन् ती चिकटपट्टी काढ आधी."

दुसऱ्या दिवशी मांडवात तोच टेप होता. धैर्यशील त्याच्यापाशी गुन्हेगारासारखा उभा होता. नुजहतनं बायकांना सगळं सांगितलं होतं. त्यानं बटण दाबलं. खरखर सुरू झाली. नुजहत पोरीचा हात धरून टेपच्या अंगावर वाकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "नसरीन!" तिच्यामागून सगळा मांडव ओरडला. "...च्या हळदीला," माझ्यातून म्हातारी म्हणाली.

नसरीन हळदीच्या हातांनी तोंड झाकून रडली.

मित्रांनो, शेवट गोड झाला असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. ते नाव आता माझ्यावर नाही. मला लावायचं तर प्रत्येक वेळी कुणीतरी तिथं उभं राहून ते ओरडलं पाहिजे, आणि ओरडणारी माणसं कायम राहत नाहीत. तुम्ही वस्तू जमवता, खुशाल जमवा. काचेत ठेवा, पेढे वाटा. पण कुणाच्या घरातली वस्तू हाती आली, तर ती सुधारण्याआधी त्या घराला विचारा. तुमच्या प्रेमाला विचारू नका. ते हो म्हणणारच.