जाळ्यांच्या खोलीतली थोरली सवत

मी लेथ बोलतेय. उत्तनच्या मॅक्सवेलच्या घरी, पूर्वी मासेमारीची जाळी ठेवायचे त्या खोलीत उभी असलेली जुनी, तेलकट लेथ मशीन. लोखंडाचा दांडा जबड्यात धरून गरागरा फिरवायचा आणि तासून गोल करायचा, हे माझं काम. यंत्राला मन नसतं म्हणतात. नसेल बाई, पण मग माझा एवढा जळफळाट का होतो?

माझी उमेदीची वर्षं भाईंदरच्या एका कारखान्यात गेली. तो बंद पडला आणि मी भंगारवाल्याच्या आवारात, गंजक्या पिंपांशेजारी येऊन पडले. पुढे भट्टीच होती. पण मॅक्सवेल आला, माझी चाकं हाताने फिरवून बघत राहिला, आणि मी टेम्पोत चढून नवरीसारखी उत्तनला आले. दारात त्याची बायको एल्सा उभी होती, कडेवर तान्ही व्हेरा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली, "आली माझी सवत."

मॅक्सवेलचं घराणं होडीवाल्यांचं. होडीत काही सैल ठेवत नाहीत. सैल राहिलेली वस्तू लाटेबरोबर गेलीच म्हणून समजा. त्याने मलाही इंजिनासारखं बोल्ट मारून जमिनीला आवळलं. जमीन उंचसखल होती, माझे पाय पिळवटले, पण तो आवळतच राहिला. मला वाटलं, प्रेम असंच असतं.

मग ती आली. मिलिंग मशीन, लोखंडाला सपाट बाजू आणि खाचा पाडणारी. तीही भंगारातलीच, पण ठेंगणी, नाकीडोळी नीटस. तिचे झिजलेले भाग मॅक्सवेलने माझ्यावरच घडवले. सवतीचे दागिने माझ्या हातून! माझ्या वाट्याला फाटकी बनियन, आणि तिला पुसायला व्हेराची मऊ दुपटी. एल्सा दुपटी शोधत आली, तेव्हा तिने नुसतं एवढंच विचारलं, की मुलीला कधी एवढं प्रेमानं पुसलंयस का.

तोवर मी किरकोळ कामं करत होते. मग शेजारच्या आर्थरकाकाच्या होडीच्या पंख्याचा दांडा आला, चांगला लांब. माझ्यावर तासून तो एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघाला. आर्थरकाकाने तो हातात फिरवला. "तुजी म्हातारी वाकडी झाली रं."

मॅक्सवेल सवतीकडे बघत होता, ते मी बघितलं.

त्यात व्हेरा रांगायला लागली. एका सकाळी एल्साला तिच्या मुठीत लोखंडाचा कुरळा कीस सापडला. लागलं काही नव्हतं, पण एल्साने पोरीची दहाही बोटं उघडून उघडून बघितली, मग तोंडात बोट घालून बघितलं, मग पुन्हा बोटं. स्वतःलाच म्हणाली, मी जरा अतीच करते का? आणि पुन्हा बघितलं. नंतर तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं: खोलीला दार बसव आणि दोघींतली एक घालव.

कोण जाणार, हे मला विचारायची गरज नव्हती.

भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी येणार होता. मॅक्सवेलने सकाळीच माझे बोल्ट सोडले. तेवढ्यात आर्थरकाका नवा दांडा घेऊन हजर. होडी किनाऱ्यावर अडकलेली, आणि सवतीला गोल काम येत नाही. "लाव कसंबी," म्हणाला. मॅक्सवेलने नाइलाजाने मला चालू करून दांडा तासला, मग त्याचं एक टोक मोजलं. दुसरं मोजलं. पुन्हा पहिलं. दोन्ही सारखी. तो खाली वाकला आणि माझ्या मोकळ्या पायांकडे बघत राहिला.

"एल्सा," तो म्हणाला, "ही वाकडी नव्हतीच. मीच हिला पिळून ठेवली व्हती."

एल्सा दारात होती. तिने व्हेराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"एवढं तुला कळलं तरी. मग थोरलीला राहू दे. धाकटीला पडवीत हलव."

"खाऱ्या हवेत गंजेल ती."

"रोज पूस. तसाही पुसतोसच."

टेम्पो रिकामा परत गेला. आता मी पत्र्याच्या पट्ट्यांवर, समपातळीत, मोकळ्या अंगाने उभी आहे. खोलीला अर्धं दार लागलंय. पलीकडून व्हेरा जोर लावते, ते हलत नाही. एल्सा तरीही रोज कडी दोनदा तपासते.

माझं राहणं पक्कं झालं, तेव्हा सुखी व्हायला हवं ना मी? पण गंजेल गंजेल म्हणत तो सकाळ-संध्याकाळ पडवीत असतो. तिला तेल लावतो, वर ताडपत्री घालतो, कोपरे खोचतो. मधेच गुणगुणतो. माझ्यापाशी कधी गुणगुणला नाही. ताट वाढून एल्सा हाक मारते, "आलो, आलो" ऐकू येतं, येत कुणी नाही. मग ती अर्ध्या दाराला टेकून पडवीकडे बघते. मीही बघते.

म्हणून एक विनंती. कधी उत्तनला आलात, तर मॅक्सवेलला सांगा, आत ये म्हणावं. घरात दोघी वाट बघतायत.