तुलनेसाठी एक निरोगी माणूस

संस्थेच्या फ्रीजरमध्ये बेल्ह्याच्या अडतीस नळ्या होत्या. एकवीस निरोगी म्हाताऱ्यांच्या रक्ताच्या, सोळा स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या, आणि एक गेणूबाबांची. ह्या अडतिसाव्या नळीवर कोणतं लेबल डकवायचं हे ठरत नव्हतं, म्हणून अश्विनी सोमवारी सकाळी पुण्याहून बेल्ह्याला आली.

नऊ वर्षं तिने मेंदूतल्या एकाच रसायनाचा पाठलाग केला होता. ते आटलं की आठवण आटते, असा एकूण हिशेब. पहिली सहा वर्षं उंदरांवर गेली. चक्रव्यूहात उंदीर कुठे चुकेल हे ती डोळे झाकून सांगू शके. स्वतःच्या स्कूटीची किल्ली मात्र तिला रोज शोधावी लागे. पुढची तीन वर्षं माणसांवर गेली, आणि माणसं उंदरांइतकी सोयीची नसतात हे तिला तिसऱ्या वर्षी कळलं.

महिन्यापूर्वी तिने गेणूबाबांची स्मरणचाचणी घेतली होती. बाबा एकोणऐंशीचे, पन्नास वर्षं बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केलेले. प्रश्न मात्र शहरातून छापून आलेले.

"आज तारीख काय, बाबा?"

"वद्य नवमी."

शून्य.

"वार?"

"काल बाजार व्हता."

शून्य.

"ऋतू कोणता?"

"कांदा लागणीचा."

शून्य.

"आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

बाबांनी पायाखाली पाहिलं, मग तिच्याकडे. "मी जिमिनीवर हाये. तू कुठं हाईस?"

शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला तिने पेन्सिल दिली. बाबांनी पेन्सिलीने कान कोरला. तीसपैकी तेरा.

अश्विनी काही परदेशातून आलेली नव्हती. अवसरी बुद्रुकची, मंचरच्या बाजारावर आठवडा मोजणाऱ्या घरातली. पण हातात छापील कागद आला की तिचं गाव तिच्या डोक्यातून साफ उतरत असे. ह्या लक्षणाला अजून शास्त्रीय नाव नाही.

जाताना ती बाबांच्या मुलाला, अमृतला, मोठ्या शहाणपणाने सांगून गेली, "तेरा म्हणजे फार कमी. सांभाळा त्यांना." अमृतने सांभाळलं. बाबांचा सोमवारचा बाजार बंद केला. पुढचे चार सोमवार बाबा ओट्यावर बसून रस्त्याने जाणारे जनावरांचे टेंपो बघत राहिले. भाकरी अर्धी टाकू लागले. शेवटी सून शीलाने फोन केला.

"म्याडम, काय सांगून गेला वो तुमी? म्हातारा बरा व्हता. तुमच्या कागदानं आजारी पडला."

अश्विनीने तो कागद काढला, शेजारी कॅलेंडर ठेवलं. त्या दिवशी खरंच वद्य नवमी होती.

आता बाजाराच्या तोंडाशी अमृत हाताची घडी घालून उभा होता. मागे बाबा, धुतलेल्या टोपीत.

"महिन्याखाली म्हणला, बरे न्हाईत. आता म्हणता, बरे हायेत. मी कुठल्या म्याडमचं ऐकू?"

"कुणाचंच नको. मोजून बघू." तिने बेत सांगितला. बारा बैल एकदाच बघायचे. मग तासभर चहा. मग न बघता सांगायचं: बैल कुठल्या गावचा, दात किती, अंगावर खूण काय. तिन्ही बरोबर तर एक गुण. "नऊ आले तर पुढच्या सोमवारपासून बाबा बाजारात. कमी आले तर मी परत तोंड उघडणार नाही."

"मंजूर. पण तुमीच म्हणला व्हता, तुलनेला एक निरोगी माणूस लागतो. तो कुठंय?"

"ही हाये की," बाबा म्हणाले. "अवसरीचं पाणी, लई शिकलेली, दात बी शाबूत दिसत्यात."

भोवतीचे व्यापारी फिदीफिदी हसले. शास्त्राचा प्रश्न होता. तिला नाही म्हणता येईना.

बाबा बैलाचा जबडा उघडायचे, पाठीवरून हात फिरवायचे, मालकाला पाण्यापावसाचं विचारायचे आणि पुढे जायचे. अश्विनीने गावांच्या पहिल्या अक्षरांची साखळी बांधली, दातांना क्रमांक दिले, खुणांना रंग. पाचव्या बैलाने तिची ओढणी चघळायला घेतली आणि साखळी तिथेच तुटली. आठव्यापासून तिला सगळे बैल पांढरे दिसू लागले. बहुतेक पांढरेच होते.

मग हॉटेलात तासभर. बाबांनी एकट्याने दोन प्लेट भजी संपवली आणि तिसरीकडे बघितलं. अश्विनी ओठ हलवत पाठांतर करत होती.

"येवढं घोकू नगं पोरी," बाबा म्हणाले, "चहावर साय धरली."

तास भरल्यावर अमृतने दोघांना वेगवेगळं बसवलं, एकाचं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं, आणि उत्तरं वहीत उतरवली. वही घेऊन तो पुन्हा बाजारात गेला, एकेका बैलाशी थांबून ताडून आला, आणि शेवटच्या पानावर बेरीज केली.

गेणू, वय एकोणऐंशी: बारापैकी अकरा.

अश्विनी, वय चौतीस: बारापैकी तीन.