धबधब्यापाशी चंपा बोलली

लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तोंडाने बोलणारा माणूस खुळा. चाळीस लूम एकदम खडखडायला लागले की शेजारच्याची शिंकही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मालक आला. तळहात खांद्यावरून मागे टाकला की सुट्टी, घरी चला. आणि कुणाचं ऐकायचंच नसेल तर मान फिरवायची. बघितलं नाही म्हणजे ऐकलं नाही.

माझी लेक चंपा हे सगळं डबा आणता आणता शिकली. आमच्या राहनाळ गावाहून भिवंडीला चालत यायची आणि खात्याच्या दारात उभी राहून हातांनीच विचारायची, काल मीठ कमी होतं का. वीस वर्षांत लूमनी माझे कान खाल्ले, तेव्हा घरातही हीच भाषा कामाला आली.

शहाऐंशी साली मी तिला उंबरधारला दिली. जव्हारच्या पुढे डोंगरमाथ्यावर तीस-चाळीस घरांचं गाव, धबधब्यांसाठी नावाजलेलं. लग्न साट्यालोट्याचं. माझी चंपा तिथल्या काळूरामांच्या मुलाला, नामाला; त्यांची बकुळा माझ्या मुलाला, वाल्मीकला. एका मांडवात दोन्ही लग्नं उरकली. एकमेकांच्या लेकी एकमेकांच्या घरात, मग छळ कोण कुणाचा करणार? लोक म्हणाले, लहानू शहाणा. मलाही तसंच वाटलं, हेच माझं दुखणं आहे.

वर्ष झालं तरी चंपा माहेरी आली नाही. दोनदा निरोप धाडला, दोनदा काहीतरी कारण आलं. शेवटी पुढच्या ऑगस्टात मीच एसटीत बसलो. बकुळाला सातवा महिना होता, तरी उठून तिने आपल्या आईसाठी सुकटीची पुडी बांधून दिली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, वहिनीला आठ दिस घेऊनच या." ती कधी माझ्यावर ओरडून बोलत नाही. कानाशी येते, हळू बोलते आणि मला सगळं ऐकू येतं.

उंबरधारला चंपाने पाणी दिलं. अंगाने निम्मी झाली होती. "बरी हायेस ना?" मी विचारलं. तिचे ओठ जरासे हलले, पण मागे सासू उभी होती. उत्तर माझे व्याही काळूराम यांनीच दिलं, कानात ओरडून. "झ्याक हाय! या याही, आधी आमचा धबधबा बघा, जेवन मंग."

सगळे मिळून गेलो. कड्यावरून तीन धारा एकाच डोहात पडत होत्या आणि तो आवाज छातीत भरत होता. काळूराम काहीतरी सांगत होते, नामा 'काय? काय?' करत होता, कुणाचं कुणाला कळत नव्हतं. मला हसू आलं. आज सगळं गावच माझ्यासारखं बहिरं झालं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या खडकावर चंपाचा हात हलला. तिने ओठावर बोट फिरवून मिशीला पीळ दिला आणि नजरेने नामा दाखवला. मग मूठ स्वतःच्या पाठीवर आपटली, तीनदा. मग दोन बोटं कात्रीसारखी उघडली. मग तळहात खांद्यावरून मागे टाकला. नवरा. मारतो. तुटलं. घरी चला. सासूला वाटलं, पोर अंगावरचे तुषार झटकतेय.

मी हाताने एवढंच म्हटलं, थांब.

जेवताना मी विषय काढला. "याही, चंपाला आठ दिस नेतो."

काळूरामांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "न्या की. लेक तुमचीच हाय. मंग बकुळाला पन हिकडं धाडा. बाळंतपन हितंच करू. तुमची परत आली, की आमची धाडू."

आवाज चढला नाही, चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. साट्यात हे असंच असतं. माझी परत आली नाही तर त्यांचीही यायची नाही. एक पोर वाचवायला जावं, तर दुसरी सात महिन्यांचं पोट घेऊन इथे या डोंगरावर, वाल्मीकपासून तुटलेली. दोघींना एका गाठीत बांधलं कुणी? मीच. राग कुणावर काढू?

"राहू द्या," मी म्हणालो. "बाळंतपन झाल्यावर बघू."

चंपा आमटी वाढत होती. तिचा हात ताटावरच थांबला, मग ती पुढे गेली.

दुपारी तीनच्या गाडीला ती सोडायला आली, सोबत नामा होताच. मी खिडकीशी बसलो. तिने खाली उभं राहून तळहात खांद्यावरून मागे टाकला. मी बघत राहिलो. तिने पुन्हा टाकला. गाडीतल्या बाईला वाटलं, पोरगी निरोप देतेय. तिनेही हात हलवला.

इंजिन सुरू झालं. चंपाचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि मी मान फिरवली. पलीकडच्या खिडकीतून ओला डोंगर दिसत होता, तो बघत बसलो.

मान फिरवण्याचा अर्थ तिला माहीत होता. मीच शिकवला होता.