उशाशी हिरवा दिवा

नेरच्या त्या घरात देव दोन ठिकाणी होते. एक स्वयंपाकघरातल्या फडताळात, आणि दुसरा नीळकंठरावांच्या उशाशी. हा दुसरा देव पांढऱ्या प्लॅस्टिकचा, जेवणाच्या डब्याएवढा होता आणि त्याच्या कपाळावर एक हिरवा दिवा होता. नागपूरच्या इस्पितळात नीळकंठरावांच्या छातीत, गळ्याच्या डाव्या हाडाखाली, हृदयाला ठोक्यांची आठवण करून देणारं यंत्र बसवलं, तेव्हा ही पेटीही त्यांच्याबरोबर घरी आली. माणूस पलंगावर पडला की पेटीनं छातीतल्या यंत्राची बिनतारी विचारपूस करायची, आतल्या सिमकार्डावरून ती हकीकत नागपूरला कळवायची, आणि पुण्यातला मुलगा मंदार ती मोबाईलवर बघून निश्चिंत व्हायचा. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या नीळकंठरावांना या व्यवस्थेचं कौतुक एवढंच, की तिच्यात कागद गहाळ होत नव्हता. बाकी त्यांना तिचा तिटकारा होता. "कसं वाटतंय?" हा प्रश्न त्या घरातून हद्दपार झाला होता. मंदार फोन करायचा आणि बापाला नव्हे, आईला विचारायचा, "हिरवा आहे ना?" इस्पितळात तर नावही कोणी विचारत नसे. यंत्राच्या नंबरातले शेवटचे आकडे सांगितले की भागलं. "सत्तेचाळीस अठरा," नीळकंठराव हजेरी दिल्यासारखे म्हणायचे आणि पुढच्या खुर्चीवर सरकायचे.

कुंदाबाईंनी पेटीला क्रोशाचं झाकण विणलं होतं. खंडेनवमीला घरातली विळी, शिलाई मशीन आणि नीळकंठरावांचा जुना टाईपरायटर मांडला, तेव्हा त्या ओळीत पेटीही मांडायचं त्यांच्या मनात होतं, पण जागेवरून हलवली तर रेंज जाईल म्हणून शेवटी हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन त्याच पलंगापाशी गेल्या. रेंजचं खरं होतं. पेटी बसवणारा माणूस अर्धा दिवस ती छातीशी धरून घरभर फिरला होता आणि खिडकीजवळच्या त्या एका कोपऱ्यातच ती लागली होती. तेव्हापासून तिथं केरसुणीसुद्धा जपून फिरे.

त्यामुळे वणीला भाचीच्या मुलीचं बारसं निघालं, तेव्हा पेटी घरीच राहिली. गावाला जाताना ती बरोबर न्यावी असं इस्पितळानं बजावलं होतं, पण कुंदाबाईंचा हिशेब वेगळा होता. "तिथं नाही लागली म्हणजे? इथं लागली आहे तर लागू द्या. चालू गोष्टीले हात लावू नये." हा नियम कचेरीतही होता, म्हणून नीळकंठरावांनी तो मानला. घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला लावून दोघं एसटीत बसले.

वणीला दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर खाणींतून उडालेली कोळशाची भुकटी बसत होती आणि नीळकंठराव ती झटकत उभे होते, तेव्हा मंदारचा फोन आला.

"बाबा, काय मस्त झोपताय तिन्ही रात्री! ठोके घड्याळासारखे. वणीची हवा मानवली तुम्हाला."

"पेटी नेरला आहे."

मंदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "दोन-दोन सिमं आहेत तिच्यात बाबा. कनेक्शन तुटतच नाही. म्हणूनच तर ही घेतली."

घरी परतल्यावर नीळकंठरावांनी कुलूप काढलं, चपला जागेवर ठेवल्या, आत जाऊन पलंगाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारीच्या आधी सुटतं तसं. त्यांच्या उशीवर एक डाग होता. तपकिरी, कडेला तांबूस, मधोमध अजून ओला, आणि त्यात सुपारीचे दोन बारीक कण. खर्रा खाऊन झोपलेल्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं ते. नीळकंठरावांना जगात एका गोष्टीची शिसारी होती आणि ती हीच होती. कचेरीच्या जिन्याचे कोपरे त्या लाळेनं रंगलेले पाहत त्यांची नोकरी सरली होती. पन्नीत घोटून घोटून काळपट झालेली ती सुपारी-तंबाखू गालात कोंबून साहेबाशी बोलणारी तोंडं त्यांना निवृत्तीनंतरही स्वप्नात दिसत. स्वतः त्यांनी खर्ऱ्याला कधी बोटही लावलं नव्हतं.

"अहो," कुंदाबाई मागून म्हणाल्या, "खर्रा कधीपासून खाऊन राह्यले तुम्ही?"

"मी वणीला तुझ्या शेजारी झोपलो होतो."

"मग हा काय माझा बाप येऊन थुंकला?"

उशी धुवायला टाकली. संध्याकाळी शेजारच्या शकुबाई कुंपणापाशी आल्या, पदरात वावरातली वांगी घेऊन.

"भाऊजी, बरं हाय ना आता? परवा दुपारी लय खोकून राह्यलते. म्या खिडकीतून आवाज देला, एकटेच काहून, वैनी कुठी गेल्या, त नुसतं हूं."

"शकुबाई, घराला कुलूप होतं."

"कुलूप त होतंच," शकुबाई वांगी देत म्हणाल्या. "म्हणून त इचारलं."

दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांनी इस्पितळात फोन लावला. पेट्यांचं काम बघणारी गुंजन नावाची मुलगी गोड बोलायची आणि सगळ्यांना काका म्हणायची. पेटी कोणा दुसऱ्याचे ठोके पाठवते आहे का, असं त्यांनी विचारलं.

"शक्यच नाही काका. तुमची लाईन एकदम सुरक्षित आहे. आत दुसरं कोणी येऊच शकत नाही."

"बाहेरून नाही येऊ शकत. पण आधीच आत असला तर?"

"त्याला तर आम्ही ओळखतोच ना," गुंजन हसून म्हणाली.

नीळकंठराव त्या रात्रीपासून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागले. पलंग रिकामा राहिला. कुंदाबाई पलंगाच्याच खोलीत, समोरच्या आपल्या खाटेवर. रोज सकाळी पलंगाच्या गादीला मधोमध खोलगट खळी पडलेली असे आणि उशीवर ताजा डाग. पेटीवरचं क्रोशाचं झाकण मेणचट झालं, त्याला सरकीच्या तेलात भिजल्यासारखा वास येऊ लागला आणि खिडकीतून मुंग्यांची एक रांग उशीपर्यंत येऊन मागे फिरू लागली. हिरवा दिवा मात्र पापणी न लवता चालू होता आणि मंदार पुण्याहून आईला कळवत होता, की बाबांची प्रकृती इतकी चांगली कधीच नव्हती.

पहिले काही दिवस कुंदाबाई उशीची खोळ बदलताना रागानं बडबडत. मग बडबड कमी झाली. मग थांबली. एके सकाळी नीळकंठरावांना पलंगाखाली एक स्टीलचं जुनं वाडगं दिसलं, चुलीतली राख पसरून ठेवलेलं, राखेत तपकिरी गोळे झालेलं.

"हे कोणासाठी?"

"चादर तर खराब होत नाही आता," कुंदाबाई म्हणाल्या आणि वाडगं उचलून, पदर नाकाशी न धरता, धुवायला घेऊन गेल्या. नीळकंठरावांना त्या राखेपेक्षा त्या न धरलेल्या पदराची किळस जास्त आली.

इकडे त्यांना धाप लागू लागली होती. भाजीची पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत आले, की डोळ्यांपुढे काळोखी यायची आणि छातीत कोणाची तरी जिन्याची पायरी चुकल्यासारखं व्हायचं. एकदा तिथंच खांबाला धरून त्यांनी मंदारला फोन केला.

"बाबा, ॲपवर तर तुम्ही पडून आहात. ठोके बासष्ट."

"मी स्टँडवर उभा आहे. मला चक्कर येते आहे."

"आराम करा बाबा," मंदार म्हणाला. "आईला देता का फोन?"

नागपूरला जायचा विषय त्यांनी घरात काढून पाहिला. "कायले?" कुंदाबाईंनी विचारलं. "रिपोर्ट चांगला आहे. डॉक्टर पडद्यावरच पाहणार ना पहिले?" हेही खरं होतं. माणसाच्या तोंडी सांगण्यावर कोणता साहेब सही करतो? फाईल पुढं यावी लागते. आणि आपली फाईल पुढं जायची असेल तर मार्ग एकच, हे नीळकंठरावांच्या ध्यानात आलं. आपण स्वतः त्या पलंगावर पडायचं. पेटीला एकदा आपलं खरं हृदय ऐकू द्यायचं. मग ते पायरी चुकणारे ठोके नागपूरला दिसतील, आणि तिकडूनच बोलावणं येईल.

दुपारी जेवण झाल्यावर ते खोलीत गेले. कुंदाबाई मोरीत भांडी घासत होत्या. नीळकंठराव गादीच्या त्या खळीत उतरले. गादी गरम होती. एसटीच्या सीटवरून कोणी नुकताच उठून गेल्यावर असते तशी, दमट आणि आपलेपणाची. कानाला उशीचा ओलावा लागला. चुना, सुपारी आणि शिळ्या तोंडाचा गोडसर वास नाकात शिरला. ओकारी गिळून, श्वास रोखून ते छताकडे पाहत पडून राहिले. मग मान वळवली. हिरवा दिवा तांबडा झाला होता.

ही पेटी आल्यापासून तो कधी तांबडा झाला नव्हता. नीळकंठरावांना एकदम हायसं वाटलं. पोचलं. अखेर पोचलं. बाहेरच्या खोलीत त्यांचा मोबाईल वाजू लागला, तसे ते धडपडत उठले आणि दारापर्यंत जाऊन त्यांनी मागे पाहिलं. दिवा पुन्हा हिरवा झाला होता.

"हॅलो, नागपूरहून गुंजन बोलते. घाबरू नका हं. काकांच्या लाईनीत आत्ता एक अनोळखी यंत्र शिरायला पाहत होतं. आम्ही अडवलं. तुमच्याकडे कोणाचं आहे का? शेवटचे आकडे सत्तेचाळीस अठरा."

"तो माझा नंबर आहे," नीळकंठराव म्हणाले. "सत्तेचाळीस अठरा. मीच आहे तो."

"नाही जी. काकांचा नंबर वेगळा आहे, तो छान चालू आहे. हे दुसरं मी इथूनच बंद करून टाकते. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." मग तिनं अदबीनं विचारलं, "आपण कोण बोलता?"

नीळकंठरावांनी डाव्या हाडाखाली हात दाबून धरला. उत्तर द्यायला हवं होतं. नाव, गाव, सगळं मोठ्यानं सांगायला हवं होतं. त्यांनी त्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात कुंदाबाई मोरीकडून आल्या. त्यांच्या हातात घासून लख्ख केलेलं ते वाडगं होतं, त्यात नवी राख पसरलेली. दिवाणाजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी वळसा घातला, खोलीच्या दाराशी थांबल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आत्ताच कुठं डोळा लागला आहे त्यांचा."